कूलरचा फंडा, मश्रूमची खोली

चार वाजताची मीटिंग आठवा. कॉन्फरन्स रूम छोटी, माणसं दहा, दार बंद, एसी फुल. पाऊण तासात अर्धी टीम जांभया देतेय. आपण शिव्या घालतो प्रेझेंटेशनला. पण बऱ्याचदा बिचाऱ्या प्रेझेंटेशनचा दोष नसतोच. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोली थंड करतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. दहा जणांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे गरगरत राहतो.

नेमकं हेच आमच्या वहिनीच्या मश्रूमचं झालं होतं.

आमचं गाव किन्हीराजा. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. (नाशिकवालं मालेगाव नव्हे, हे पुण्यात दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं!) आमच्याकडे सोयाबीन उदंड, त्यामुळे मळणी झाली की कुटाराचे ढीग. या कुटारावर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, मस्त येते. वहिनीने बचत गटातून कर्ज काढलं, अंगणातली दहा बाय दहाची जुनी खोली साफ केली आणि ३० पिशव्या भरल्या. कुटार रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढून निथळायचं, थर देत त्यात बियाणं, म्हणजे स्पॉन, भरायचं. पंधरा-वीस दिवसांत पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. सगळं कसं टकाटक!

मग पिशव्या उघडल्या. धिंगरीला ८०-९० टक्के आर्द्रता लागते म्हणून दादाने खिडकीला प्लास्टिक ठोकलं, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. आठवड्यात जे उगवलं ते मश्रूम कमी आणि मोडाची मटकी जास्त वाटत होतं. लांबच लांब दांडे, वर बटणाएवढी टोपी. असा माल कोण घेणार? वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "भाऊजी, हप्ता तर भरावाच लागते ना."

माय बोलली ते खरं

मी सुटी टाकून गावी गेलो. नेटवरचं ज्ञान पाजळायला तोंड उघडणार, तेवढ्यात खोलीच्या दारात उभी राहून माय म्हणाली, "काहून रे, कूलर लावतांनी समोरची खिडकी उघडी ठेवतो ना आपण? मंग यायले काहून कोंडून ठेवलं?"

विषय संपला. विदर्भातल्या पोरासोरांनाही माहीत असतं की, कूलरपुढे हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली थंड होत नाही, नुसती चिकचिक होते. हवेला यायची वाट हवी, तशी जायचीही हवी.

मश्रूम म्हणजे झाड नव्हे, ती बुरशी. आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो. पिशवीत बुरशी पसरत असते तेव्हा तो वाढला तरी बिघडत नाही. पण मश्रूम धरायला लागले की, तो हजाराच्या आत हवा. नाहीतर ताजी हवा शोधत दांडा लांबतो आणि टोपी उघडतच नाही.

जुन्या कॉम्प्युटरचा पंखा

दादा लगेच मोठा एक्झॉस्ट फॅन आणायला निघाला. थांबवला त्याला. तो एवढी हवा खेचतो की, सगळी ओल तासाभरात बाहेर. आम्हाला हवा होता मंद, पण सतत चालणारा पंखा. तो तुमच्या-आमच्या ऑफिसच्या भंगारात पडलेला असतो: कॉम्प्युटर कॅबिनेटमधला १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवाला.

आता थोडं गणित. खोली दहा बाय दहा बाय नऊ, म्हणजे ९०० घनफूट. असा पंखा मिनिटाला साधारण ५० घनफूट हवा टाकतो. जाळी आणि अडथळे धरून निम्मीच मोजा. तीन पंखे लावले तर मिनिटाला ७५, म्हणजे १२ मिनिटांत खोलीची हवा एकदा बदलणार, तासाला पाच वेळा. धिंगरीला एवढी पुरते.

पंखे खिडकीच्या वरच्या भागात पुठ्ठा कापून बसवले, तोंड बाहेरच्या बाजूला. उबदार हवा वर चढते, तिला तिथूनच रस्ता दिला. समोरच्या भिंतीत खाली दोन विटा काढल्या, माश्या येऊ नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा लावला आणि त्यावर ओलं गोणपाट. झाला घरचा कूलर! येणारी हवा ताजी, वर ओलसर. वीज बंद झाली की वायर फवारणीच्या बॅटरी पंपाला जोडायची. तीही १२ व्होल्टचीच असते.

तुमच्या फ्लॅटसाठी

बाल्कनीच्या कोपऱ्यात चार-पाच पिशव्यांची हौस करायची असेल तर चार बाय दोन बाय सहा फुटांचा रॅक प्लास्टिकने झाका. खाली ओल्या गोणपाटाचं तोंड, वर एक पंखा. आत हवा जेमतेम ४८ घनफूट, त्यामुळे साध्या टायमरवर तासाला १५ मिनिटं बस्स.

* पंखा नेहमी हवा बाहेर फेकणारा. त्याची हवा घरात नको, पाइपने खिडकीबाहेर काढा.
* जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चालतो, मात्र अँपिअर तपासा. अडॅप्टर आणि टायमर ओलीपासून लांब ठेवा.
* दांडे लांबले तर हवा वाढवा. टोप्यांच्या कडा सुकून चिरल्या तर ओल वाढवा. मीटर नसला तरी मश्रूम स्वतः सांगतात.
* टोपीच्या कडा वर वळायच्या आत काढणी करा. उशीर झाला की बीजाणूंची पावडर उडते. ती रोज श्वासात गेली तर फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो. मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर हा उद्योग नकोच.
* हंगाम हिवाळ्याचा. एप्रिल-मेमधल्या विदर्भात हा पंखा काही चमत्कार करणार नाही.

बियाणं किंवा प्रशिक्षणाची चौकशी करायची तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे.

आमचा खर्च? पंखे भंगारातले, गोणपाट घरचं, विटा भिंतीतल्याच. वायर, जाळी आणि एक अडॅप्टर विकत आणला.

पिशव्यांना दुसरा बहर आला तेव्हा मी पुण्यात परतलो होतो. सकाळी वहिनीचा फोटो आला: तळहाताएवढ्या पांढऱ्या टोप्या, एकावर एक. पहिल्या बहराचं नुकसान पूर्ण भरून निघालं नाही, पण त्या महिन्याचा हप्ता निघाला. दादा आता पुढच्या हिवाळ्यासाठी दुसऱ्या खोलीची भिंत ठोकून बघतोय.

आणि मी? चारच्या मीटिंगला आता आधी कॉन्फरन्स रूमचं दार उघडतो. कुणी "काहून?" विचारलं तर मायचं नाव सांगतो.