परदेशी जाणाऱ्या नर्सेससाठी क्लास काढताय? आधी नेमकं काय शिकवायचंय ते बघा



"सर, नर्सिंगच्या मुलींसाठी यूकेचा क्लास काढायचाय, चालेल का?" हा प्रश्न मला सांगली-मिरज, नाशिक, नगर, सगळीकडून येतो. व्हिडिओत चौदा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं, पण मुख्य मुद्दा घाईत गेला असं मलाच वाटलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण यूकेचंच घेतलंय. जर्मनीचं गणित वेगळं आहे, ते वेगळ्या भागात.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. मिरजेच्या एक निवृत्त इनचार्ज सिस्टर माझ्या वर्कशॉपला यायच्या. अठ्ठावीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला. दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी क्लास सुरू केला, पहिल्या बॅचला बारा मुली. एकदा म्हणाल्या, "सर, रविवारी मॉक आहे, पेशंट म्हणून झोपायला माणूस पाहिजे. येता का?" गेलो.

पहिली मुलगी आत आली. नऊ वर्षं आयसीयू केलेली. हात धुतले, माझा दंड धरला, पट्टा बांधला, बीपी घेतलं, नाडी मोजली, ताप बघितला, लिहिलं आणि गेली. चार मिनिटांत काम फत्ते. मला वाटलं, वा! सिस्टरांनी कागदावर 'नापास' लिहिलं.

मुलगी भडकलीच. "मॅडम, नऊ वर्षं झाली. मला बीपी घेता येत नाही म्हणता?" तिच्या नवऱ्याने सोनं गहाण ठेवून फी भरली होती, त्यामुळे राग समजण्यासारखा होता. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बीपी उत्तम घेतलंस गं. पण तू कोण, हे सरांना सांगितलंस? नाव विचारलंस? हात लावू का म्हणून विचारलंस?"

मी पलंगावर पडल्या पडल्या आठवत होतो. खरंच, ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आता परीक्षा कशी असते ते थोडक्यात. यूकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनएमसीच्या, म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, रजिस्टरवर नाव लागावं लागतं. त्यासाठी इंग्रजी आणि दोन भागांची टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स लागते. इंग्रजीला आयईएलटीएस दिली तर ऐकणं, वाचणं, बोलणं यात 7 आणि लिहिण्यात 6.5. ओईटी दिली तर त्याच तीन भागांत बी आणि लिहिण्यात सी प्लस. टेस्टचा पहिला भाग सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची बहुपर्यायी परीक्षा, ती भारतातल्या केंद्रावर देता येते. दुसरा भाग ओस्की. ती यूकेतच, प्रत्यक्ष करून दाखवायची.

ओस्कीत दहा स्टेशनं असतात. चार स्टेशनांत एकाच पेशंटची गोष्ट पुढे सरकते: तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष काम, आणि शेवटी दुसऱ्या टीमकडे सोपवणं. चार स्टेशनं हाताच्या कौशल्यांची, जोडीजोडीने. उरलेली दोन लेखी, त्यात व्यावसायिक मूल्यं आणि पुराव्यावर आधारलेलं काम. आमच्याकडच्या मुली सीबीटी बहुतेक वेळा काढतात. पाठांतर आपल्याला नवीन नाही. अडकतात त्या ओस्कीत. आणि का अडकतात हे ज्याला कळलं, त्यानेच क्लास काढावा.

कारण अगदी साधं आहे. आपल्या वॉर्डात एका नर्सच्या वाट्याला वीस-तीस पेशंट येतात. तिथे गप्पा मारत बसलं तर सकाळची औषधं दुपारी संपतील. म्हणून चांगली नर्स म्हणजे झपाझप, मुकाट काम करणारी, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. हात चालतो, तोंड बंद. तिकडे परीक्षक मनातलं वाचत नाही. तुम्ही जे बोलला नाहीत, ते तुम्ही केलंच नाही.

ही नुसती परीक्षेची औपचारिकता आहे असं मलाही आधी वाटायचं. मग सिस्टरांनी केट ग्रेंजर यांचं सांगितलं. वृद्धांच्या आजारांच्या ब्रिटिश डॉक्टर, स्वतःला कॅन्सर झालेला. 2013 मध्ये त्या ॲडमिट असताना त्यांच्या लक्षात आलं की कितीतरी जण येऊन काम करून जातात, पण स्वतःचं नाव सांगत नाहीत. त्यातून त्यांनी 'हॅलो माय नेम इज' ही मोहीम सुरू केली आणि ती तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, सगळीकडे पोचली. 2016 मध्ये त्या गेल्या. म्हणजे हे तिथल्या पेशंटने मागितलेलं आहे, परीक्षकाची लहर नाही.

दुसरी गोष्ट पेशंटची ओळख. आपल्याकडे "तीन नंबरला सलाइन लाव" हे रोजचं वाक्य. तिकडे बेड नंबर ही ओळखच नाही. पेशंटला स्वतःच्या तोंडाने नाव आणि जन्मतारीख सांगायला लावायची, मनगटावरच्या पट्टीशी जुळवायची, ॲलर्जी विचारायची, आणि मगच गोळी. "तुम्ही मिस्टर जोन्स ना?" असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला म्हातारा कशालाही हो म्हणतो. औषधांची नावंही तशीच. आपल्या मुली पॅन, मोनोसेफ, एमसेट म्हणतात. तिकडच्या चार्टवर पँटोप्राझोल, सेफ्ट्रायॲक्सोन, ऑन्डान्सेट्रॉन. सिस्टरांच्या क्लासमध्ये ब्रँडनेम उच्चारलं की पाच रुपये डब्यात. त्या डब्यातून बॅचची भेळ व्हायची.

सगळ्यात अवघड जागा मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे डॉक्टरशी बोलणं.

यूकेत पेशंटचं निरीक्षण न्यूज-टू नावाच्या तक्त्यावर मांडतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने केलेला हा तक्ता, सध्याची आवृत्ती 2017 ची. श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला गुण. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी 2. बेरीज 5 झाली की डॉक्टरला तातडीने कळवायचं, 7 किंवा वर गेली की इमर्जन्सी. इथपर्यंत मुलींना दोन दिवसांत येतं. पुढे फोन करायचा असतो, तो एसबार पद्धतीने: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. बोलण्याची ही पद्धत अमेरिकन नौदलातून दवाखान्यांत आलेली आहे.

पहिल्या दोन पायऱ्या छान जमतात. तिसरीला आवाज बारीक होतो. चौथीला गप्प. "मला वाटतं तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन पेशंटला बघावं" हे वाक्य आमच्या मुलीच्या तोंडून निघत नाही, कारण इतकी वर्षं तिने "सर, तीन नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये, बघता का?" एवढंच म्हटलंय. आणि डॉक्टर नाही म्हणाला तर वरच्या डॉक्टरला फोन करायचा, ही तर तिच्या स्वप्नातली गोष्ट. पण तिकडे तो फोन न करणं ही चूक नर्सची धरली जाते. रजिस्ट्रेशन तिच्या नावावर, जबाबदारीही तिची.

म्हणून क्लासचा अर्धा वेळ फोनवर गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. सिस्टर शेजारच्या खोलीत बसून चिडलेला डॉक्टर व्हायच्या. "काय आहे? मी बिझी आहे!" अशा इंग्रजीत खेकसायच्या. पहिल्या आठवड्यात दोन मुली रडल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातलीच एक म्हणाली, "डॉक्टर, स्कोअर 7 आहे, तुम्ही येत नसाल तर मी इमर्जन्सी टीम बोलावते." खोलीत टाळ्या पडल्या.

बाकी छोट्या गोष्टी भरपूर आहेत. लिहिताना चूक झाली तर खाडाखोड नाही, एकच आडवी रेघ आणि सही. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं हे आपल्याकडे मावशी आणि नातेवाईक बघतात, तिकडे ते नर्सिंगचंच काम आहे आणि त्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगून टाका. म्हातारी पेशंट 'स्पेंड अ पेनी' म्हणाली तर तिला बाथरूमला जायचंय.

आता धंद्याचं. इथे बरेच जण घसरतात.

बॅच किती घ्यायची? ओस्कीची पूर्ण फेरी साधारण दोन-अडीच तासांची. त्यावर अर्धा तास चुका समजावायला. म्हणजे एका मुलीचा एक मॉक तीन तास, एक ट्रेनर दिवसात दोनच मुली नीट बघू शकतो. चाळीसची बॅच घेतलीत तर सगळ्यांची एक फेरी व्हायला वीस दिवस लागतील. आणि एका फेरीने काही होत नाही. सिस्टर बारावर थांबल्या ते बरोबरच होतं. फीचा आकडा या हिशोबावरून काढा, शेजारच्या क्लासच्या बोर्डावरून नको. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि कोचिंगवर 18 टक्के, तेही आत्ताच धरा.

नोट्स विकू नका. परीक्षाकेंद्रं सरावाचं साहित्य आणि गुण कसे देतात ते फुकट टाकतात. ज्या गोष्टी फुकट मिळतात त्याचे पैसे घेतलेत की दुसरी बॅच येत नाही. विकण्यासारखी गोष्ट एकच: समोर बसून चूक पकडणारा अनुभवी माणूस.

'आलेले प्रश्न' तर अजिबात नाही. 2023 मध्ये नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावर सीबीटीत गैरप्रकार झाल्याचा संशय आला आणि शेकडो नर्सेसना पुन्हा परीक्षा द्यायला लागली. त्यात काही जणी यूकेत कामावर होत्या. पासची गॅरंटीही नको. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्या नर्सला कामावर रुजू झाल्यापासून 12 आठवड्यांत पहिली ओस्की द्यावी लागते आणि 8 महिन्यांत रजिस्ट्रेशन. एका अर्जावर तीनच प्रयत्न. ओस्कीची फी 794 पाऊंड, पाऊंड शंभर रुपये धरला तरी 79 हजार 400. चांगले एम्प्लॉयर पहिली फी भरतात, पण नापासाची झळ शेवटी मुलीलाच बसते. गॅरंटी देणारे तुम्ही त्या वेळी सात हजार किलोमीटर लांब असाल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्लास आणि नोकरी लावून देणं हे दोन वेगळे धंदे आहेत. परदेशी नोकरीसाठी भरती करायची तर 1983 च्या एमिग्रेशन ॲक्टखाली रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी उमेदवाराकडून सेवाशुल्क 30 हजार रुपये अधिक जीएसटी, याच्या वर घेता येत नाही. यूकेत तर नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. "क्लास प्लस प्लेसमेंट पाच लाख" असा बोर्ड दिसला तर त्या क्लासमध्ये जाऊ नका, आणि तसा बोर्ड स्वतः लावू तर अजिबात नका.

एक गोष्ट लपवणार नाही. 2024 पासून यूकेतली परदेशी नर्सेसची भरती बरीच थंडावलीये. सिस्टरांनाही दुसरी बॅच भरायला वेळ लागला. पण त्यांनी एक केलं: गावातल्याच दोन खासगी हॉस्पिटलांना विचारलं, तुमच्या स्टाफला पेशंटशी बोलणं आणि एसबार शिकवू का? एकाने होकार दिला. दर शनिवारी दोन तास. पैसे कमी, पण दर महिन्याला.

ती आयसीयूवाली मुलगी मार्चमध्ये पुन्हा मॉकला उभी राहिली. पेशंट मीच. या वेळी दारातूनच नाव सांगितलं, पडदा ओढला, विचारलं, "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" मी गडबडून मराठीत उत्तर दिलं आणि सिस्टरांनी माझे पाच रुपये डब्यात टाकले. सीबीटी आणि ओईटी दोन्ही झालंय तिचं, इंटरव्ह्यूची वाट बघतेय.

जर्मनीसाठी बी-टू भाषा, अनेरकेनुंग म्हणजे पदवीची मान्यता, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेला करार, हे पुढच्या व्हिडिओत. क्लास चालवणाऱ्यांनी फीचा हिशोब करताना वर दिलेला तीन तासांचा आकडा टाकून बघा, आणि किती आला ते मला कळवा.