बेगमी

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीनजीक साजगाव नावाचे गाव आहे. तेथील देव 'बोंबल्या विठोबा' या नावाने सर्वत्र प्रसिद्ध आहे. कार्तिकी एकादशीपासून तेथे मोठी यात्रा भरते. विठोबाच्या यात्रेत टाळमृदंगाचा गजर असावा यात नवल नाही. परंतु या यात्रेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील सुक्या मासळीचा बाजार होय. आसपासच्या खेड्यांतील गृहिणी देवदर्शन आटोपून या बाजारात येतात, बोंबील, सुकट पारखून घेतात आणि घरी नेऊन साठवून ठेवतात. पुढे पावसाळ्यात समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी दुर्मिळ झालेल्या त्या दिवसांत हा साठाच घराला उपयोगी पडतो. अशा तरतुदीला मराठीत 'बेगमी' म्हणतात.

हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. राणी या अर्थाच्या 'बेगम' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. तो फारसीतून मराठीत आला. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख किंवा चिंता. तेव्हा बेगमी या शब्दाचा मूळ अर्थ निश्चिंतपणा असा आहे. घरात साठा असला म्हणजे मन निश्चिंत होते. म्हणून त्या साठ्यालाही बेगमी हेच नाव मिळाले.

निश्चिंतपणाविषयी चिनी भाषेतही एक वाक्प्रचार नित्य वापरला जातो. चिनी भाषेत बहुधा चार अक्षरांचे असे असंख्य वाक्प्रचार आहेत. त्यांना 'छंग-यू' म्हणतात. प्रस्तुत वाक्प्रचाराचा उच्चार साधारणपणे 'वू यौ वू ल्यू' असा होतो. 'वू' म्हणजे नसणे, 'यौ' म्हणजे चिंता आणि 'ल्यू' म्हणजे पुढच्या गोष्टींची विवंचना. मराठीत आपण 'ना चिंता, ना फिकीर' म्हणतो, तशीच ही रचना आहे. विशेष हे की, चिंता आणि विवंचना या दोन्ही शब्दांच्या लिपिचिन्हांत हृदयाचे चिन्ह सामावलेले आहे. मराठी माणसाच्या 'जिवाला' घोर लागतो, तर चिनी लिपीत चिंतेचे घर हृदयात असते.

हा वाक्प्रचार शिकणाऱ्याने स्वरांच्या चढउताराकडे लक्ष द्यावयास हवे. 'यौ' हा उच्चार उंच व सपाट स्वरात केला, तर त्याचा अर्थ चिंता असा होतो. तोच स्वर खाली नेऊन वर उचलला, तर 'असणे' असा अर्थ होतो. या दुसऱ्या 'यौ'ने आरंभ होणारा आणखी एक वाक्प्रचार चिनी भाषेत आहे: 'यौ पेइ वू ह्वान'. तयारी असली म्हणजे संकट नाही, असा त्याचा अर्थ. तो 'त्सो च्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात आढळतो. पहिला वाक्प्रचार निश्चिंत मनाचे वर्णन करतो, तर दुसरा ती निश्चिंती कशी मिळते हे सांगतो. ज्या दोन गोष्टी सांगण्यास चिनी माणसाला दोन वाक्प्रचार लागतात, त्या मराठीतील बेगमी या एकाच शब्दात एकत्र नांदतात.

निश्चिंत आणि बेफिकीर यांतील भेदही यावरून ध्यानात येतो. शब्दांची घडण पाहिली तर दोहोंचा अर्थ एकच. परंतु व्यवहारात निश्चिंत माणसाचे कौतुक होते आणि बेफिकीर माणसाला बोल लागतो. एकाने आपले काम आधी उरकलेले असते. दुसऱ्याने ते कोणावर तरी टाकलेले असते.

'वू यौ वू ल्यू' हे शब्द चिनी लोक विशेषतः बालपणाविषयी योजतात. साजगावच्या यात्रेतही हे दृश्य पाहावयास मिळते. आई मासळीचा भाव करीत असते, पदराच्या गाठीतले पैसे पुन्हा मोजून पाहत असते. आणि तिचे मूल मात्र पाळण्यात बसून आभाळाकडे झेपावत हसत असते. त्या मुलाला चिंता नाही, याचे कारण ती दुसऱ्या कोणीतरी उचललेली आहे. मोठे होणे म्हणजे हे ओळखणे, आणि पुढे आपणही कोणाची तरी बेगमी करणे.