दिवे कुठे गेले? कॅमेऱ्याचे मोड आणि मेनू समजून घेताना

आजीचा ७५ वा वाढदिवस होता. आत्याने कणकेचे ७५ दिवे केले, परातीत गोलाकार मांडले आणि सगळे पेटल्यावर ट्यूबलाइट बंद केली. फोटोचं काम माझ्याकडे, कारण कपाटातला मोठा कॅमेरा घरात फक्त मलाच चालवता येतो असा सगळ्यांचा समज होता. मी बटण दाबलं. टप्पकन फ्लॅश वर आला आणि खोलीत वीज चमकल्यासारखा उजेड पडला. फोटोत आजीचा चेहरा पांढराफटक, मागे भिंतीवर काळी सावली आणि दिवे विझल्यासारखे फिके!

घाईघाईत कॅमेऱ्यावरची चकती फिरवली आणि फ्लॅशवर फुली असलेल्या चिन्हावर आणली. दुसऱ्या फोटोत दिवे छान आले, पण ओवाळणारा आत्याचा हात आणि आजीचं हसू, दोन्हीचे फराटे झाले. तिसरा फोटो काढेपर्यंत कोणीतरी ट्यूबलाइट लावली होती.

रात्री आजीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, "अगं, दिवे कुठे गेले?"

७५ वा वाढदिवस पुन्हा येत नाही. तेव्हा मी ठरवलं की या चकतीवरच्या चिन्हांचा अर्थ एकदा नीट समजून घ्यायचा. तुमच्याही कपाटात असा कॅमेरा असेल आणि तो कायम हिरव्या ऑटो मोडवरच चालत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

कॅमेऱ्याची चूक नव्हती

कॅमेऱ्याला उजेड मोजता येतो, पण आपल्याला काय जपायचं आहे हे त्याला कळत नाही. अंधार दिसला, त्याने फ्लॅश उडवला. फ्लॅश नको म्हटल्यावर उजेड गोळा करायला त्याने जास्त वेळ घेतला आणि तेवढ्यात हात हलला. दोन्ही वेळा त्याने त्याच्या परीने बरोबरच केलं. मला दिवेही हवे होते आणि हसूही हवं होतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मोड म्हणजे हे सांगण्याची सोय. कोणता निर्णय तुम्ही घ्यायचा आणि कोणता कॅमेऱ्याने, याची ती कामाची वाटणी आहे.

निर्णय फक्त तीन

पहिला शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. एवढ्या वेळात धावणारं मूलही जागच्या जागी थिजतं. १/१५ ला बोलणाऱ्या माणसाचे ओठसुद्धा पुसट होतात.

दुसरा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र किती उघडायचं. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण आकडा लहान असेल तर छिद्र मोठं असतं. कारण सोपं आहे. हा आकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे ५० भागिले २, छिद्र २५ मिलिमीटरचं. एफ १० म्हणजे ५० भागिले १०, छिद्र फक्त ५ मिलिमीटरचं. छिद्र मोठं असेल तर उजेड जास्त येतो आणि मागचं दृश्य धूसर होतं. छिद्र लहान असेल तर उजेड कमी येतो, पण पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट दिसतं.

तिसरा आयएसओ. आत आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा, ते हा आकडा ठरवतो. १०० वर फोटो स्वच्छ येतो. ६४०० वर अंधारातही काम होतं, पण फोटोत रव्यासारखे दाणे दिसू लागतात.

तिन्ही एकमेकांत बांधलेले आहेत. समजा १/६०, एफ ४ आणि आयएसओ १६०० वर फोटो नीट उजळ येतोय, पण हात हलतोय. वेळ निम्मी करून १/१२५ केली, तर उजेडही निम्मा होतो. तो भरून काढायला आयएसओ दुप्पट, म्हणजे ३२०० करायचा. एका हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यायचं, इतकाच हा हिशोब आहे.

चकतीवरची अक्षरं

*हिरवा ऑटो:* सगळे निर्णय कॅमेऱ्याचे. भरपूर उजेडात, सहलीत, घाईच्या वेळी यात काहीच वाईट नाही.

*चित्रांचे मोड:* चेहरा, डोंगर, फूल, धावणारा माणूस. हेही ऑटोच, फक्त समोर काय आहे याचा इशारा तुम्ही देता. धावणारा माणूस निवडलात की कॅमेरा शटर स्पीड वाढवतो. नातवंडांच्या शर्यतीसाठी ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

*पी:* वेळ आणि छिद्र कॅमेरा ठरवतो, पण फ्लॅश, आयएसओ आणि रंग तुमच्या हातात. बहुतेक कॅमेऱ्यांत या मोडवर फ्लॅश आपणहून उठत नाही. ऑटोतून बाहेर पडायची ही पहिली पायरी.

*ए किंवा एव्ही:* छिद्र तुम्ही ठरवा, वेळ कॅमेरा जुळवेल. निकॉन आणि सोनीच्या चकतीवर 'ए' असतं, कॅननवर 'एव्ही', काम एकच. एकट्या माणसाचा फोटो आणि मागचं धूसर हवं असेल तर सर्वांत लहान आकडा निवडा. लग्नात दोन-तीन रांगांत उभ्या नातेवाइकांचा फोटो असेल तर दिवसाउजेडी एफ ८ घ्या, नाहीतर मागच्या रांगेतले काका पुसट येतील आणि ते लक्षात ठेवतील.

*एस किंवा टीव्ही:* वेळ तुम्ही ठरवा, छिद्र कॅमेरा जुळवेल. कॅननवरचं 'टीव्ही' म्हणजे दूरदर्शन नव्हे, ते वेळेचं अक्षर आहे. गप्पा मारणाऱ्या माणसांना १/१२५ साधारण पुरतो. लेझीम, गरबा, क्रिकेट असेल तर १/५०० पासून सुरुवात करा. उलट घागऱ्यांची गिरकी रंगांच्या फराट्यांतच हवी असेल तर मुद्दाम १/१५ वर जा आणि कॅमेरा घट्ट धरा.

*एम:* वेळ आणि छिद्र दोन्ही तुमचं. याचा धसका घेऊ नका. उजेड बदलत नसेल तिथे हाच मोड सर्वांत सोपा, कारण एकदा जुळवलं की प्रत्येक फोटो सारखा येतो. शाळेच्या गॅदरिंगचा मंच किंवा दिव्यांचं औक्षण ही त्याची हक्काची जागा.

कॅमेऱ्यासोबत सहसा १८-५५ ची लेन्स मिळते. तिच्यावर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे झूम न करता छिद्र एफ ३.५ पर्यंत उघडतं, पण पूर्ण झूम केलं की ५.६ च्या पुढे उघडत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जाणं केव्हाही चांगलं.

अधिक-उणेचं छोटं बटण

पी, ए आणि एस मोडमध्ये हे बटण फार कामाचं आहे. कॅमेरा उजेड मोजताना समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. म्हणून कच्छचं पांढरं रण किंवा पांढऱ्या साडीतली आजी फोटोत मळकट दिसते. तिथे +१ करा. उलट अंधारात दिवे असतील तर तो काळोखच उजळायला जातो आणि ज्योतींचे पांढरे ठिपके होतात. तिथे -१ करा. मग ज्योत ज्योतीसारखी दिसते आणि अंधारही अंधारच राहतो.

मेनूत एकदाच करायची कामं

मेनू उघडला की पानंच्या पानं दिसतात आणि आपण तो लगेच बंद करतो. सगळं वाचायची गरज नाही. एवढी कामं एका दुपारी उरकून टाका.

१. *भाषा:* निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत भाषांच्या यादीत मराठीही आहे. घरातल्या मोठ्यांना कॅमेरा शिकवायचा असेल तर आधी तिथे बघा.

२. *तारीख आणि वेळ:* कॅमेरा बरेच महिने बॅटरीविना पडून राहिला की घड्याळ मागे जातं. पुढे फोनवर किंवा संगणकावर फोटो तारखेनुसार लागतात, तेव्हा मुंजीचे फोटो भलत्याच वर्षात सापडतात.

३. *कार्डाशिवाय शटर:* कार्ड आत नसतानाही बटण दाबलं जाईल की नाही, हे ठरवणारी एक सेटिंग बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती बंद ठेवा. नाहीतर कार्ड संगणकातच राहतं आणि इकडे अख्खी हळद टिपल्याचा भास होत राहतो.

४. *फोटोचा दर्जा:* जेपेग, सर्वांत मोठा आकार, सर्वांत चांगला दर्जा. रॉ नावाचा पर्यायही असतो. त्यात नंतर रंग आणि उजेड सुधारायला भरपूर वाव असतो, पण फाइल मोठी असते आणि ती संगणकावर तयार करावी लागते. महत्त्वाच्या प्रसंगी दोन्ही एकत्र साठवण्याचा पर्याय निवडा.

५. *ऑटो आयएसओची मर्यादा:* सुरुवातीला ३२०० किंवा ६४०० ठेवा. थोडे दाणे चालतात. हललेला फोटो मात्र नंतर सुधारता येत नाही.

६. *व्हाइट बॅलन्स:* ऑटोवर ठेवल्यास कॅमेरा दिव्यांचा पिवळेपणा 'दुरुस्त' करू शकतो. निरांजन, समई, कंदील यांचे फोटो काढताना सूर्याचं चिन्ह निवडा. सोनेरी ऊब टिकून राहते.

७. *फ्लिकर:* आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं आणि फोटोत आडवे पट्टे येतात. मेनूत फ्लिकर कमी करण्याचा पर्याय असेल तर सुरू करा. नसेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा.

आणि 'फॉरमॅट' हा शब्द दिसला की थांबा. तो कार्डावरचं सगळं पुसतो. फोटो दुसरीकडे दोन ठिकाणी साठवल्याची खात्री झाल्यावरच तो वापरा. बाकी कुठलीही सेटिंग बिघडली तर मेनूतला 'रिसेट' पर्याय कॅमेरा पुन्हा मूळ अवस्थेत आणतो. त्याने कार्डावरचे फोटो जात नाहीत. म्हणून बिनधास्त बटणं दाबून बघा.

फोनवरही हेच

कॅमेरा नसला तरी हरकत नाही. अनेक फोनमध्ये 'प्रो' मोड असतो. त्यात हेच आयएसओ, हाच शटर स्पीड, हाच व्हाइट बॅलन्स. बहुतेक फोनमध्ये छिद्र मात्र बदलत नाही. नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून उजेड वाढवतो, त्यामुळे स्थिर पणत्यांची रांग सुंदर येते. पण ओवाळणारा हात पुसट होऊ शकतो. प्रो मोड नसेल तर पडद्यावर ज्योतीवर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. तेवढ्यानेही फरक दिसतो.

आदल्या रात्रीची रंगीत तालीम

या सगळ्यातून मी शिकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट मेनूत नाहीच. प्रसंगाच्या आदल्या रात्री त्याच खोलीत एक दिवा लावायचा आणि घरातल्या कोणाला तरी पाच मिनिटं समोर बसवायचं. चार-पाच फोटो काढायचे, पडद्यावर मोठे करून डोळे आणि हात स्पष्ट आहेत का ते पाहायचं आणि जमलेले आकडे कागदावर लिहून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत डोकं चालत नाही, कागद चालतो.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी तेच केलं. दादा मोबाइल बघत समोर बसला होता. कागदावर लिहिलं: एम मोड, १/१००, एफ ४, आयएसओ ३२००, सूर्याचं चिन्ह, फ्लॅश बंद. खोलीतली ट्यूबलाइट बंद, पण शेजारच्या खोलीतला दिवा चालू आणि दार उघडं. चेहऱ्यावर हलका उजेड पडला आणि निरांजनाचा मानही राहिला.

दुसऱ्या दिवशी आजीने तिच्या धाकट्या भावाला ओवाळलं. तो सत्तरीचा आहे, पण ओवाळून घेताना अजूनही शाळेतल्या मुलासारखा ताठ बसतो. मी लागोपाठ दहा-बारा फोटो काढले. त्यातल्या एकात ज्योत आहे, तबक धरलेला आजीचा सुरकुतलेला हात आहे आणि दोघांचं हसूही आहे. थोडे दाणे दिसतात, पण आजीला ते दिसले नाहीत.

वाढदिवसाचे दिवे काही परत आले नाहीत. तो फराट्यांचा फोटो मी तरीही पुसला नाही. आजी म्हणाली, "राहू दे, त्यात निदान दिवे तरी आहेत."