आधी रस्ता, मग सायकल

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या काळात सायकल 'निवडावी' लागत नसे. ती काळीच असायची. बावीस इंची की चोवीस इंची, आणि डायनामो बसवायचा की नाही, एवढाच काय तो खल. आता दुकानात शिरलो की रोड, हायब्रीड, एमटीबी, अल्युमिनियम, कार्बन अशा शब्दांचा मारा सुरू होतो आणि साठी ओलांडलेला माणूस पार गोंधळून जातो.

माझ्या बरोबरीने निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांची गेल्या महिन्यात हीच अवस्था झाली. एका वसतिगृहासाठी निधी जमवायचा म्हणून पुणे ते महाबळेश्वर सायकलने जायचे त्यांनी ठरवले. अंतर सुमारे १२० किलोमीटर. ओळखीच्या लोकांनी देणग्याही कबूल केल्या. दुकानातला तरुण म्हणाला, "काका, ही बघा, एका हाताने उचलते." सायकलीचे वजन त्याने सांगितले, किंमत सांगितली, फक्त 'जायचंय कुठे' हे विचारले नाही. बँकेत कर्जाचा अर्ज पुढे आला की रकमेकडे बघण्याआधी आम्ही विचारत असू, पैसे कशासाठी हवेत? सायकलीचेही तसेच आहे.

तेव्हा आधी रस्ता पाहू. कात्रज, मग खंबाटकी आणि वाईनंतर पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी या टप्प्यात रस्ता पाचशे मीटरहून अधिक उंची गाठतो, आणि तोही आधी नव्वदच्या आसपास किलोमीटर पाय मारून झाल्यावर. इथे कामाला येतात ते गिअर. रोड सायकलीच्या पुढच्या दोन चक्रांपैकी लहान चक्राला बहुधा ३४ दात असतात. मागे सर्वांत मोठे चक्र २५ दातांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तीन मीटरांहून थोडीच कमी पुढे जाते. तेच मागचे चक्र ३४ दातांचे असेल, तर साधारण दोन मीटर. हप्ता लहान, मुदत जास्त! गुडघ्यांना परवडतो तो हाच व्यवहार. म्हणून गिअर एकूण किती, हे विचारण्यापेक्षा मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला दात किती, हे विचारावे.

दुसरी गोष्ट टायरची. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना २३ मिलिमीटरचे बारीक टायर असत आणि बारीक म्हणजे वेगवान अशी समजूत होती. आता शर्यतीतले व्यावसायिक खेळाडूही २८ किंवा त्याहून रुंद टायर वापरतात. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, हादरे कमी बसतात. आपल्या रस्त्यांवर नवख्याने २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर घ्यावेत आणि पुढच्या चिमट्यात तेवढी जागा आहे ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे. ब्रेक शक्यतो डिस्कचे घ्यावेत. चढलेला घाट कधीतरी उतरायचाही असतो आणि पावसात रिमवर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात.

तिसरी गोष्ट मापाची, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखे वर दाबून धरावे आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. तिला ०.६७ ने गुणले की फ्रेमच्या मापाचा अंदाज येतो. उंची ७८ सेंटिमीटर असेल, तर फ्रेम ५२ च्या आसपास. हा अंदाजच; हात हँडलपर्यंत न ताणता पोहोचतात का, हे बसूनच कळते. शर्यतीच्या सायकलीवर पाठ फार वाकते. लांब पल्ल्यासाठी केलेल्या सायकलींचे हँडल जरा उंच आणि जवळ असते. साठीतल्या कमरेला तेच मानवते. सीटच्या मऊपणावर भुलू नये. फार मऊ गादी पहिला अर्धा तास सुख देते, तिसऱ्या तासाला नको तिथे रुतते. सीटची रुंदी आपल्या बैठकीच्या हाडांना जुळायला हवी.

आता पैशाचा हिशेब. साधारण बरी रोड सायकल चाळीस-पन्नास हजारांपासून सुरू होते आणि दोन-तीन लाखांच्या पुढेही जाते. स्नेह्यांनी अंदाज केला होता की देणग्या साठ हजारांच्या घरात जातील. आणि दुकानातली सायकल होती एक लाख दहा हजारांची! "मग ते एक लाख दहा हजारच का नाही देत वसतिगृहाला?" त्यांच्या पत्नीने विचारले. प्रश्न बिनतोड होता. त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे: सायकल आपल्या हौसेची, तिचा खर्च आपल्या खिशातून, देणगीचा पैसा आला तसा, पै न् पै, संस्थेकडे. ही दोन खाती कधीही एकत्र करू नयेत. लोक पैसे देतात ते आपल्या सायकलीकडे बघून नव्हे, आपल्या नावावर विसंबून. हौस एका प्रवासापुरतीच असेल, तर ओळखीत कुणाची मापाची सायकल मागून घ्यावी, नाहीतर वापरलेली घ्यावी. वापरलेली घेताना फ्रेमला तडा नाही ना, चेन ताणलेली नाही ना, हे जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.

आणि सायकल निदान दोन-तीन महिने आधी घरात यावी. डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा, मग वीस, चाळीस, सत्तर किलोमीटर असे वाढवत न्यावे. त्याच सीटवर, त्याच टायरवर. पंक्चर काढायला घरच्या अंगणात शिकावे, महामार्गाच्या कडेला नव्हे.

एवढे करूनही पसरणीत दम संपला तर? खाली उतरावे आणि सायकल हातात धरून चालू लागावे. त्यामुळे वसतिगृहाच्या खात्यात एक रुपयाही कमी जमा होत नाही.