दार उचलते कोण?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेले गृहस्थ इंदुरास काय, बडोद्यास काय, आता गल्लोगल्ली भेटतात. तिकडे घरात शिरण्याची वाट पुष्कळदा गॅरेजमधूनच असते. कळ दाबावी, आणि भिंतीएवढे दार वर सरकून छताखाली आडवे व्हावे! पाहणारा सारे श्रेय छताला टांगलेल्या विजेच्या यंत्राला देऊन मोकळा होतो. आणि दाराच्या देखभालीत जी मोठी चूक होते, तिचे मूळ याच समजुतीत आहे.

श्रोतेहो, दोन गाड्यांच्या गॅरेजचे पोलादी दार सहज ७०-८० किलो भरते. हा भार पेलते ती बहुधा दाराच्या माथ्यावरील दांड्याभोवती पीळ देऊन बसविलेली स्प्रिंग. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील वजनाचे काम ती करते. यंत्राने नुसता हातभार लावायचा. स्प्रिंग थकली किंवा चाके अडखळू लागली, की दार मध्येच थांबते वा उलट फिरते. अशा वेळी घरधनी मूळ दोष न शोधता यंत्राचा जोर वाढवितो. जुन्या यंत्रांवर वर नेण्याचा आणि खाली आणण्याचा जोर ठरविणारे दोन स्क्रू असतात. ते पिळले की दार चालू लागते खरे, परंतु अडथळा लागताच मागे फिरण्याचा त्याचा गुण जातो.

आमच्या परिचयातील एका आजोबांच्या जावयाने ऐन थंडीत हेच केले. आजोबांना शंका आली. त्यांनी दाराच्या मधोमध जमिनीवर सुमारे ४ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवून दार खाली सोडले. दार फळीवर टेकले आणि तिला रेटीतच राहिले! त्याच वाटेने त्यांची तीन वर्षांची नात रोज तिचाकी घेऊन ये-जा करीत असे.

वास्तविक १ जानेवारी १९९३ पासून तेथे तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना कायद्याचे बंधन आहे, की अडथळ्याला स्पर्श होताच दार दोन सेकंदांत उलटले पाहिजे. त्याखेरीज बहुतेक दारांच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत प्रकाशकिरणांचे दोन ‘डोळे’ बसवितात. दार मिटत नसेल तर प्रथम त्यांवरील कोळिष्टके पुसावी. निम्मी दुरुस्ती तेवढ्याने होते.

फळीची परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी. तोल पाहणेही सोपे आहे. दार पूर्ण मिटवून लाल मुठीची दोरी ओढावी, म्हणजे यंत्र सुटे होते. मग दार हाताने कमरेपर्यंत उचलून जपून सैल सोडावे. ते तेथेच थांबले तर तोल ठीक. घसरले वा वर चढले तर स्प्रिंग बिघडली. दार उघडे असताना मात्र ती दोरी ओढू नये. स्प्रिंग तुटली असल्यास सारे दार अंगावर येईल. बिजागऱ्या, चाकांचे आस व स्प्रिंग यांना सिलिकोनचे किंवा लिथियमचे वंगण पुरते. रुळाला वंगण नको, तो फक्त पुसावा.

स्प्रिंगला स्वतः हात लावू नये. तिच्यात साठलेला पीळ निसटला तर हाड मोडतो, प्रसंगी जीवही घेतो. आजोबांच्या घरीही कारागीरच आला. त्याने दोन झिजलेली चाके बदलली, स्प्रिंगचा पीळ नीट केला आणि यंत्राचा जोर पूर्ववत उतरविला. फळी ठेवून पाहिली, तो दार टेकताक्षणी मागे फिरले. ती फळी आजोबांनी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली आहे.