लाईट आल्यावर गिझरने काय करायचं?

नोव्हेंबर 2025 मध्ये ‘मॅटर’ या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाची 1.5 ही आवृत्ती जाहीर झाली आणि बातम्यांचे मथळे कॅमेऱ्यांनी व्यापले. साहजिकच होतं ते. दारावरचा कॅमेरा एका कंपनीचा, घरातला स्पीकर दुसरीचा आणि फोन तिसरीचा असला तरी तिघांचं जमावं, ही मागणी जुनी होती. माझा जीव मात्र गिझरमध्ये अडकला होता.

चार वर्षांपूर्वी साताऱ्याला आईच्या गिझरला मी वाय-फायवर चालणारा प्लग बसवून दिला. पहाटे पाचला चालू, साडेपाचला बंद. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका पहाटे पाणी गारच. प्लग बनवणाऱ्या कंपनीने त्या धंद्यातून अंग काढून घेतलं होतं, आणि वेळापत्रक प्लगमध्ये नव्हतंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर होतं. आईने प्लगचं बटण हाताने दाबलं, आंघोळ केली आणि ‘बंद आपोआप होतो’ या सवयीने देवळात गेली. तिथून परस्पर मावशीकडे. गिझर संध्याकाळपर्यंत चालू. तेव्हापासून कुठलंही स्मार्ट उपकरण पाहिलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा मेंदू घरात आहे की घराबाहेर?

हा प्रश्न एकट्या साताऱ्याचा नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब होता. नेस्टने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि 15 मे 2016 रोजी त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातला चांगला चालता डबा त्या दिवशी निकामी झाला. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर कसलीही पूर्वसूचना न देता गप्प झाले. तिथे निदान ग्राहकांपैकीच काही जणांनी दोन महिन्यांत कंपनी विकत घेऊन ती पुन्हा उभी केली. साताऱ्यात बसून आईने कुठली कंपनी विकत घ्यायची?

म्हणूनच ‘सगळी उपकरणं एकमेकांशी बोलतील’ ही मॅटरची जाहिरात मला दुय्यम वाटते. खरी मोलाची गोष्ट ही, की हे बोलणं घरातल्या घरात होतं. फोनवरून दिलेला ‘बंद हो’ हा हुकूम घरच्या राउटरवरून थेट प्लगपर्यंत जातो. मध्ये परदेशातला सर्व्हर लागत नाही, इंटरनेट गेलं तरी हुकूम पोचतो. डिसेंबर 2019 मध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल आणि गूगल हे एरवीचे प्रतिस्पर्धी झिगबी अलायन्सच्या मांडवाखाली एकत्र आले. 2021 मध्ये या कामाला मॅटर हे नाव मिळालं आणि अलायन्सनेही स्वतःचं नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स केलं. ऑक्टोबर 2022 मध्ये पहिली आवृत्ती आली. घरातल्या घरात चालणं हा त्या कराराचा पाया आहे, आणि मी या मानकाच्या बाजूने उभी आहे ती त्यासाठी.

यातली गंमत अशी की मॅटरची भाषा नवी नाही. झिगबी या जुन्या बिनतारी मानकाचं नाव मधमाशीच्या नाचावरून आलं. फुलं कुठे आहेत हे ती नाचून पोळ्याला सांगते. त्या झिगबीने घरगुती उपकरणांसाठी जो शब्दकोश वर्षानुवर्षं जमवला, त्यातला बराचसा मॅटरने उचलला. ‘चालू-बंद’ या कामाला झिगबीत 6 हा क्रमांक होता, मॅटरमध्येही 6 च आहे. शब्द जुने, वाहन नवं. बिनतारी वाहनं खरं तर दोन: एक ओळखीचं वाय-फाय आणि दुसरं थ्रेड. थ्रेडचा वेग सेकंदाला जेमतेम अडीचशे किलोबिट. सिनेमा त्यावर दिसणार नाही, पण दाराच्या सेन्सरला छोट्या बॅटरीवर दीर्घकाळ जगायचं असेल तर अशीच कमी खाणारी वाट लागते. सतत वीज मिळणारी थ्रेडची उपकरणं शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे ढकलतात. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी हातोहात सरकतात, तसं.

इथेच आमचे वायरमनकाका हसले. साठी ओलांडलेले, सगळी खरेदी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून करणारे. मी त्यांना हे पंगतीचं कौतुकाने सांगत होते. ते म्हणाले, “ताई, पंगतीतला मधला माणूस उठून गेला तर?”

मी गप्प झाले. युरोप-अमेरिकेतल्या लेखांत स्मार्ट बल्ब चोवीस तास विजेवर असतो असं गृहीत धरतात. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणं हा संस्कार आहे. आजी करते, नातू करतो, कामाला येणाऱ्या मावशी करतात. बटण बंद झालं की बल्ब मेला, आणि त्याच्या मार्फत बोलणारा दाराचा सेन्सर दुसरी वाट शोधू लागतो. सापडली तर ठीक.

“बोर्डावरचं बटण घरातल्या सगळ्यांचं असतं,” काका म्हणाले, “फोन एकट्याचा.” स्मार्टपणा बल्बमध्ये नको, बोर्डाच्या मागे बसणाऱ्या मॉड्यूलमध्ये हवा, हा त्यांचा आग्रह त्यातूनच येतो. मॉड्यूलला वीज कायम मिळते. बटण नेहमीसारखं दाबता येतं, फोनही चालतो. या बाबतीत आपल्या घरांचं नशीब चांगलं आहे. अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत स्विचच्या खोक्यात न्यूट्रल नसतो, त्यामुळे मॉड्यूलला सलग वीज द्यायची कशी हा प्रश्न पडतो. आपल्याकडे बटणांच्या शेजारी त्याच बोर्डावर सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल बहुधा आलेलाच असतो. काका आधी बोर्ड उघडतात, टेस्टर लावून फेज बघतात, मगच बोलतात.

गिझरबाबत ते फार कडक आहेत. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, आणि रोज तासभर ओढतो. दहा अँपिअरचं मॉड्यूल त्याला लावायला त्यांनी साफ नकार दिला. सोळाचंच हवं, तेही स्वतंत्र एमसीबीवर. मॅटरचं चिन्ह खोक्यावर आहे म्हणून आतला रिले भक्कम आहे असं होत नाही. ते चिन्ह भाषेची ग्वाही देतं, तांब्याची नाही. दुकानात हा फरक ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, आणि तो सांगायलाच हवा.

आता माझी मॅटरवरची तक्रार. कागदावर आवृत्त्या भराभर पुढे जातात. ऑक्टोबर 2023 च्या 1.2 मध्ये फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन आणि पंखे आले. नोव्हेंबर 2024 च्या 1.4 मध्ये पाणी तापवणारी उपकरणं आली, पाणी तात्पुरतं जास्त तापवण्याच्या हुकमासकट. पण मानकात शब्द असणं आणि तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपला तो येणं यांत मोठं अंतर आहे. फरशी पुसणारा रोबो 1.2 मध्येच आला होता. अ‍ॅपलच्या होम अ‍ॅपला तो ओळखता आला 2025 च्या मार्चअखेरीस, म्हणजे जवळपास दीड वर्षाने. पंख्याचंही तसंच. आपला रेग्युलेटर एक ते पाच मोजतो. ‘माझ्याकडे पाच वेग आहेत’ असं पंख्याने सांगण्याची सोय मानकात आहे, पण मी वापरते त्या अ‍ॅपमध्ये टक्क्यांची पट्टीच दिसते. पंखा तीनवर ठेवणाऱ्या माणसाने साठ टक्के का शोधावेत?

आणि लाईट. आपल्याकडे वीज जाते, येते, पुन्हा जाते. वीज परत आल्यावर उपकरणाने काय करायचं याचं उत्तर मॅटरच्या त्याच 6 क्रमांकाच्या शब्दात दडलेलं आहे: बंदच राहा, चालू हो, आधीच्या उलट हो, किंवा जाण्यापूर्वी होतास तसा हो. चार पर्याय. बेडरूमच्या दिव्याने रात्री तीनला लख्ख पेटू नये म्हणून हे लागतं. गिझरसाठी तर सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण घरी कोणी नसताना लाईट आली तर तो बंदच राहिला पाहिजे. मी वापरून पाहिलेल्या दोन अ‍ॅपांपैकी एकात हा पर्याय मला सापडलाच नाही. भारतात विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने तो पहिल्या पानावर, मराठी-हिंदीत, ठळक दाखवायला हवा. कॅमेऱ्याच्या आधी.

गेल्या रविवारी काका आमच्याकडे गिझरचं नवं मॉड्यूल बसवायला आले. क्यूआर कोड फोनने टिपला, ब्लूटूथवरून जुळणी झाली, मॉड्यूलने आपलं प्रमाणपत्र दाखवलं आणि मग घरच्या वाय-फायचा पासवर्ड घेतला. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग काकांनी राउटरला येणारी फायबरची वायर काढली आणि मला फोनवरून गिझर चालू करायला लावला. झाला. त्यांनी मेन स्विच पाडला, दहापर्यंत मोजलं, पुन्हा वर केला. गिझरचा लाल दिवा लागला नाही. काकांनी मान डोलावली.

बोर्ड बंद करण्याआधी त्यांनी चष्मा वर सरकवून मॉड्यूलवरचा स्टिकर पाहिला. क्यूआर कोडच्या खाली अकरा आकडे होते; उद्या फोन बदलला, सगळं पुन्हा जुळवायची वेळ आली तर तेच लागणार आणि ते भिंतीत गाडले जाणार. काकांनी खिशातून मार्कर काढला, एमसीबीच्या डबीचं झाकण उघडून आतल्या बाजूला ते अकरा आकडे नीट लिहिले, आणि शेजारी लिहिलं: बाथरूम, गिझर. “पुढच्या महिन्यात साताऱ्याला जाणार आहात ना,” ते म्हणाले, “तिथेही असंच लिहून ठेवा.”