छप्पर उतरविण्यापूर्वी

जुन्या बंदिस्त मोटारीचे पोलादी छप्पर उतरवून त्या जागी मिटता येणारा कापडी टप बसविणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. परंतु छप्पर हे केवळ ऊनपाऊस अडविणारे आच्छादन आहे, की मोटारीचा भार पेलणारा एक अवयव आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मोटारींच्या आरंभीच्या काळात इंजिन, चाके आणि आसने यांचा भार खालच्या स्वतंत्र पोलादी चौकटीवर असे. वरचे छप्पर काढले तरी चौकटीच्या बळात विशेष फरक पडत नसे. पुढे चौकट आणि शरीर एकजीव करून बांधण्याची पद्धत रूढ झाली. अशा मोटारीत तळ, बाजू आणि छप्पर मिळून एक बंद पेटी होते. पादत्राणांचा पुठ्ठ्याचा खोका झाकण चिकटवून पिळून पाहावा. तो सहसा दाद देत नाही. झाकण काढताच तोच खोका सहज पिळवटतो. छप्पर कापलेल्या मोटारीचेही असेच होते. तिचा मध्यभाग खचतो, दरवाजे अडकू लागतात आणि पुढची काच तडकण्याचा संभव असतो.

इंग्लंडमधील मॉरिस मायनर हे याचे बोलके उदाहरण होय. अलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही मोटार १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. एकूण १६ लाखांहून अधिक मायनर तयार झाल्या. कापडी टपाचा प्रकार आरंभापासूनच उपलब्ध होता आणि तो १९६९ पर्यंत निघत राहिला. टपाची मायनर बांधताना कारखान्याने छपराची उणीव खालून भरून काढली होती. दरवाजाच्या उंबऱ्यालगत जादा पोलादी पट्ट्या होत्या आणि दरवाजाच्या खांबांच्या मुळाशी आधारपत्रे जोडलेले होते.

टपाच्या मायनरला अधिक मोल मिळत असल्यामुळे बंदिस्त गाड्यांचे रूपांतर करण्याची प्रथा तेथे पडली. त्यासाठी दोन दरवाजांची गाडीच निवडावी लागते. चार दरवाजांच्या गाडीचा मधला खांब आड येतो. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम गंजलेला पत्रा बदलावा. मग गाडी समतल आधारांवर ठेवून दरवाजांच्या फटी मोजाव्यात आणि दरवाजांच्या पोकळीत तात्पुरते दांडे जोडावेत. त्यानंतर उंबऱ्यांना बळकटी द्यावी आणि सर्वांत शेवटी छप्पर कापावे. आधी कापून मग बळकटी दिल्यास खचलेला आकारच कायमचा पक्का होतो.

टपाचे काम निराळ्या कौशल्याचे आहे. काचेच्या वरच्या कडेला मजबूत आडवी पट्टी बसवून तिला टप अडकवितात. बिजागऱ्यांवर मिटणाऱ्या कमानी उघडझाप करून तपासल्यावरच त्यांवर कापड ताणावे. कापड सैल राहिले तर वाऱ्याने फडफडते आणि त्यावर पाणी साचते. फार ताणले तर शिवण उसवते.

रंग दिल्यानंतर हे सारे जोडकाम झाकले जाते. म्हणूनच येथे प्रामाणिकपणाला विशेष महत्त्व आहे. बळकटी न देता छप्पर कापलेली गाडीही दिसायला तितकीच देखणी असते, मात्र अपघातात तिच्यातील माणसांचे रक्षण होण्याची आशा कमी असते. चाणाक्ष ग्राहक उंबऱ्याच्या आतील बाजू तपासतो आणि गाडीवरील क्रमांकाची पट्टी वाचतो. साठीच्या दशकातील मायनरच्या पट्टीवर ‘टी’ हे अक्षर टपाच्या गाडीचे, तर ‘२ एस’ ही खूण दोन दरवाजांच्या बंदिस्त गाडीची असे. रूपांतर केलेली गाडी तशीच सांगून विकण्यात कमीपणा नाही. मूळची म्हणून विकणे ही मात्र फसवणूक होय.

मॉरिस मायनर आपल्याकडेही अपरिचित नाही. हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकात ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आणली होती. मात्र भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही. तसेच २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद हवी असेल, तर ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते. कापलेले छप्पर पुन्हा जोडता येते, पण मूळपण परत आणता येत नाही. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी हा विचार झालेला बरा.